लढाई संपल्यानंतरची विद्या

"सर, पोट्टा लय मस्ती करते जी. घरी कोनाचंच आयकत नाही. त्याले जरा वळण लावा."

गोंदियात, किंवा आमगाव-तिरोड्यासारख्या गावात, कराटे-तायक्वांदो शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. नाव नोंदवायला येणाऱ्या आया साधारण याच शब्दांत बोलतात. यातली गंमत पाहा. पोरगा मारामारी करतो, म्हणून आई त्याला मारामारीच्या शाळेत घालते. फी भरून. तिथे लाथा-ठोसे शिकला की तो शांत होईल, अशी तिची खात्री असते. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही, ना शेजारणीला, ना सरांना. आणि बऱ्याचदा आईचं म्हणणं खरंही ठरतं.

हा समज आपल्या अंगात इतका मुरला आहे की तो पुराणकाळापासून चालत आला असावा असं वाटतं. सिनेमांनीही तेच दाखवलं: डोंगरावरचा मठ, पांढऱ्या दाढीचा गुरू, पाणी भरणारा शिष्य. योद्ध्याने कसं वागावं याचे उपदेश जुने आहेत, हे खरंच. पण ज्याला जन्मात कधी रणात उतरायचं नाही अशा साध्या घरातल्या पोराने केवळ स्वतःला घडवण्यासाठी लढाईची विद्या शिकावी, हा विचार त्या मानाने अगदी कालचा आहे. आज तो ज्या रूपात जगभर पसरला आहे त्याचं वय जेमतेम दीडशे वर्षं. लढाई संपली, हत्यारं गेली, तेव्हा कुठे या विद्यांना 'आपण कशासाठी?' असा प्रश्न पडला. त्यांचं तत्त्वज्ञान हा त्यांचा सर्वांत जुना भाग नव्हे. तो सर्वांत नवा भाग आहे.

दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. मार्च १८७६ मध्ये जपान सरकारने फर्मान काढलं की लष्कर, पोलीस आणि सरकारी समारंभातले अधिकारी सोडून कोणी कमरेला तलवार लावून फिरायचं नाही. सामुराई घराण्यांची शतकांची ओळख एका कागदाने कमरेवरून उतरवली. पुढे दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं, गोऱ्यांना मात्र सूट. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तिकडे आपल्याच सरकारने आपल्याच लोकांना नि:शस्त्र केलं, इकडे परक्याने केलं. पण पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या सांभाळणाऱ्यांपुढे दोन्हीकडे एकच सवाल उभा राहिला: आता ही शिकायची कोणी, आणि का?

जपानमध्ये काही तलवारबाज तिकीट लावून खेळ करू लागले. आपल्याकडे मंडईत रात्री दंडार रंगते, तशा त्यांच्या लढती लोकांपुढे रंगायच्या. ज्युजुत्सूचे, म्हणजे नि:शस्त्र झुंजीचे, काही उस्ताद हाडं बसवण्याच्या धंद्याला लागले. दुसऱ्याचा सांधा निखळवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला तो बसवताही येणारच. तोक्यो विद्यापीठात शिकणारा एक किरकोळ अंगाचा तरुण या काळात गुरू शोधत होता आणि त्यासाठी हाडवैद्यांची दारं ठोठावत होता. शाळेत त्याला दांडगट पोरांनी छळलं होतं. त्याचं नाव कानो जिगोरो.

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, कानोने तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांएवढ्या जागेत आपली शाळा काढली. पहिल्या वर्षी शिष्य होते नऊ. ती शाळा म्हणजे कोदोकान, आणि तिथे जे शिकवलं गेलं ते ज्युदो.

कानोने केलेली गोष्ट वरकरणी भित्रेपणाची वाटेल. जुन्या विद्येत डोळ्यात बोटं घालणं होतं, नाजूक जागी लाथ होती, सांधा झटक्यात मोडणं होतं. त्याने हे सगळं झुंजीतून काढून टाकलं आणि ठरावीक हालचालींच्या संचांपुरतं ठेवलं. उरलं काय? पाडणं, दाबून धरणं आणि अडकलेल्याला 'सोड' म्हणता येईल अशी पकड. दात काढलेला साप, असं जुन्यांना वाटलं असेल तर नवल नाही. पण इथेच खरी चलाखी होती. डोळ्यात बोट घालण्याचा सराव जोर लावून करता येत नाही, कारण एकदा केला की जोडीदार आंधळा होतो. म्हणून तो डाव कायम अर्ध्यावर थांबवून, लुटुपुटूचा शिकावा लागतो. पाडण्याचा डाव मात्र पुऱ्या जोराने, विरोध करणाऱ्या माणसावर, रोज पन्नास वेळा करता येतो. कमी धोक्याचे डाव शिकणारा पोरगा जास्त खरी झुंज खेळू लागला. आणि त्यासाठी एक अट आपोआप आली: समोरचा उद्याही धडधाकट आला पाहिजे. तो आला नाही तर सराव कोणाबरोबर? प्रतिस्पर्ध्याची काळजी घेणं हा उपदेश राहिला नाही, ती सरावाची गरज झाली. कानोची पुढची सगळी शिकवण, शक्ती वाया न घालवणं आणि दोघांचंही भलं साधणं, या एका तांत्रिक बदलातून निघालेली आहे, असं मला वाटतं. आधी चटईवरचा नियम बदलला. विचार त्याच्या मागून आला.

इकडे दक्षिणेला ओकिनावा बेटावर इतोसू आन्को नावाचे वृद्ध शिक्षक कराटे शाळेत नेण्याच्या खटपटीत होते. बंद दाराआड शिकवली जाणारी ती विद्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शाळेच्या कवायतीत आणली. मुलांसाठी पाच सोपे काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे संच, बसवले, आणि तेच पाच काता थोड्या फरकाने आज गोंदियातली पोरं परीक्षेला करतात. १९०८ मध्ये इतोसूंनी शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहिलं. त्यात ते एका इंग्रज सेनापतीचा दाखला देतात: नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणाला होता की आजचा विजय आमच्या शाळांच्या मैदानावर मिळाला. वेलिंग्टन असं कधी म्हणालाच नव्हता, असं इतिहासकार सांगतात. पण आपण थबकावं ते वेगळ्याच कारणाने. हा वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडणारा, मग आडगाव जिंकणारा आणि त्याच डिसेंबरात मेळघाटातला गाविलगड घेणारा. नागपूरकर भोसल्यांचा कणा ज्याने मोडला, त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य शंभर वर्षांनी ओकिनावातला एक म्हातारा मास्तर कराटेच्या बाजूने वापरतो!

आणि गाविलगडाच्या पायथ्याच्याच मुलखात, अमरावतीत, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, तो जिल्हा मध्य प्रांतात आणि अमरावती वऱ्हाडात. आज रेल्वेने हे अंतर तीनेकशे किलोमीटर भरतं. आखाडे गावोगाव होतेच. नवं होतं ते हे, की लाठी, लेझीम, कुस्ती, मल्लखांब यांचा अभ्यासक्रम बसवायचा, शिकवणारे तयार करायचे आणि ते बाहेरगावी धाडायचे. बडोद्यात उस्ताद जुम्मादादांचे शिष्य माणिकराव याच धर्तीचं काम करत होते. बडोद्यातूनच १९३६ पासून द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला. हत्यार बाळगता येत नव्हतं, पण काठी हातात घ्यायला परवाना लागत नव्हता. सरकारला यात धोका दिसत होता का? दिसायला हवा होता. हुतात्मा राजगुरूंनी अमरावतीच्या याच आखाड्यात तालीम घेतली होती.

आपल्या घरच्या विद्यांपैकी मला सर्वांत चक्रावून टाकतो तो मल्लखांब. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. मग मधली शतकं जवळजवळ शांत, आणि उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांनी पुण्यात आव्हान दिलं, कोवळ्या बाळंभटाने ते उचललं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन साधना केली, झाडावरच्या माकडांवरून लाकडी खांबावरची तालीम सुचली आणि अलीला त्याने चीत केलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तिच्यातली एक गोष्ट मात्र लाख मोलाची: माणसाशी लढायचं म्हणून हा गडी लाकडाकडे गेला.

सागवानाचा किंवा शिसवीचा, जमिनीत पुरलेला, डोक्याच्याही बराच वर जाणारा खांब. खाली जाड, वर निमुळता. धडाच्या भागाला अंग म्हणतात, वरच्या बारीक भागाला मान आणि टोकाच्या गोळ्याला बोंड. नावं माणसाची आहेत, कारण तो मल्लच आहे, फक्त उलटून मारत नाही. त्याला एरंडेल चोळतात, नाहीतर कातडी सोलवटून निघेल. आता पहिली अढी. हातांनी खांब कवटाळायचा, झोका घेऊन पाय वर न्यायचे, डोकं खाली, आणि मांड्यांच्या कात्रीत खांब आवळायचा. इथपर्यंत बहुतेक पोरं येतात. मग उस्ताद म्हणतात, "हात सोड."

पोरगं हात सोडत नाही. सोडूच शकत नाही. जमीन डोक्यावर आलेली असते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या काहीतरी भलतंच चाललंय असं ओरडून सांगत असतात, चेहऱ्यात रक्त उतरलेलं असतं. मांड्यांची पकड पुरेशी आहे, हे डोक्याला पटवून देता येत नाही. उस्ताद मानेखाली हात धरतात. बोटं एकेक करून सुटतात. काही क्षण पोरगं खरोखर हवेत उलटं लटकतं, आणि पडत नाही.

त्या क्षणी मेंदूत जे घडतं ते फार देखणं आहे. आपल्याला वाटतं की भीती 'गेली'. पण ती जात नाही. उलटं लटकलं की पडणार, हा जुना धडा मेंदू पुसत नाही. त्याच्या शेजारी तो दुसरा धडा लिहितो की लटकलं तरी पडत नाही, आणि नवा धडा जुन्याला दाबून धरतो. पावलॉव्हच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की मोडलेली सवय मध्ये खंड पडला की आपोआप डोकं वर काढते. म्हणजे धैर्य हा एकदा मिळवून खिशात टाकायचा ऐवज नव्हे. दोन महिने खांबाला हात लावला नाही की जुना धडा पुन्हा वर येतो. आखाड्यात रोज का यायचं, याचं कारण उस्तादांनी या भाषेत कधी सांगितलं नसेल, पण नियम त्यांनी नेमका तोच केला.

ज्युदोच्या चटईवर हेच दुसऱ्या वाटेने शिकवतात. कोणाला पाडायला शिकण्याआधी पडायला शिकायचं. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करायची आणि चटईला टेकता टेकता पूर्ण हात कोपरासकट जोरात आपटायचा. आवाज मोठा होतो, मार कमी लागतो, कारण धक्का जास्त जागेत आणि जास्त वेळात वाटला जातो. पहिले कित्येक दिवस निव्वळ पडणंच चालतं. पोरांना कंटाळा येतो. पण ज्याला पडायची भीती उरत नाही त्याचं अंग ताठरत नाही, आणि ताठर अंगच सर्वांत सोपं पाडता येतं. शांत राहणं हा इथे स्वभावाचा गुण नाही, ती जिंकायची युक्ती आहे.

म्हणून या विद्यांमधलं तत्त्वज्ञान भिंतीवरच्या सुविचारांत शोधू नये. ते लाल मातीला हात लावून कपाळाला लावण्यात, सामन्याआधी वाकण्यात, जोडीदाराने चटईवर दोनदा थापटलं की त्या निमिषात पकड सोडण्यात असतं. ती थाप विलक्षण आहे. समोरच्याचा हात मोडायच्या बेतात आहे, अंगात जोश आहे, जिंकलोच आहोत, आणि हलक्या दोन थापांसरशी सगळं सोडायचं. रागाला लगाम घालायचा असा सराव दुसरा कुठे इतक्या वेळा मिळतो, मला माहीत नाही.

आता कौतुकाला थोडी कात्री. १९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये हे दोन प्रवाह एकाच शहरात होते. ७५ वर्षांचे कानो तिथे ऑलिम्पिक समितीचे सदस्य म्हणून होते. ३१ जुलैला १९४० चे सामने तोक्योला मिळाले त्यात त्यांचा वाटा मोठा. आणि ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडातली माणसं बर्लिनच्या मैदानावर! ऊर भरून येतो. पण ते बर्लिन कोणाचं होतं? हजारो शिस्तबद्ध, घोटीव शरीरं एका इशाऱ्यावर हलत होती, आणि ती कुठल्या दिशेने निघाली होती हे तीन वर्षांत जगाला कळलं. तोक्योचे ते सामने झालेच नाहीत, जपान चीनशी लढाईत उतरला होता. कानो १९३८ मध्ये परदेशातून परतताना बोटीवरच वारले. जपानच्या शाळांमधल्या त्यांच्या विद्येला लष्कराने आपल्या कामाला जुंपलं. इतोसूंच्या पत्रातही कराटे शिकलेली पोरं उद्या चांगले सैनिक होतील, हा मुद्दा होताच. शिस्त लावता येते, हे या विद्यांनी सिद्ध केलं. शिस्त कुठे न्यायची, हे त्या सांगत नाहीत. ते शिकवणारा ठरवतो.

याची एक बोलकी चाचणी १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मायकेल ट्रल्सन नावाच्या संशोधकाने १३ ते १७ वयाची, गुन्हेगारीकडे झुकलेली ३४ मुलं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो जुन्या रीतीने शिकवलं: शांत बसणं, आदर, विचार आणि मग डाव. दुसऱ्याला फक्त लढाई. तिसऱ्याला नुसता व्यायाम आणि खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या मुलांची आक्रमकता घटली. दुसऱ्या गटाची वाढली. लाथा-ठोसे पहिले दोन्ही गट शिकले होते, हे लक्षात घ्या. मुलं थोडी होती, त्यामुळे एका प्रयोगावर इमारत बांधू नये. पण ठोसा शिकल्याने पोरगं आपोआप शांत होतं, या भाबडेपणाला त्याने चांगला धक्का दिला.

मधल्या काळात या विद्यांची गावंही बदलली. गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडात, बस्तरकडच्या नारायणपुरात, अबूझमाडची आदिवासी मुलं मल्लखांबावर चढली आणि २०२३ मध्ये त्यांनी 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकलं. बाजीरावाच्या पुण्यातली विद्या माडाच्या जंगलात अशी रुजेल, हे बाळंभटदादांना स्वप्नातही सुचलं नसतं.

राहता राहिले रंगीत पट्टे, ज्यांच्यावर आपल्याकडे सगळ्यांचा जीव. कानोने आधी नवखे आणि जाणते ओळखू यावेत एवढ्यापुरतंच पाहिलं: पांढरा आणि काळा. पिवळा, केशरी, हिरवा, निळा ही रांग १९३० च्या दशकात युरोपात लागली. पॅरिसमध्ये शिकवणारे कावाइशी यांनी ती रूढ केली. पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना लवकर काहीतरी हातात हवं असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. कल्पना वाईट नव्हती, पोरांना उमेद येते. पण प्रत्येक रंगाला परीक्षा आली, परीक्षेला फी आली, आणि ज्या काळ्या पट्ट्यापासून खरा अभ्यास सुरू व्हायचा तो शेवटचं स्टेशन होऊन बसला. मल्लखांबाला पट्टा नाही. तिथे पकड सुटली की सगळ्यांना दिसतं.

क्लास निवडायचा असेल तर नाव घालण्याआधी एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला बसून पाहावं. बारकं पोरगं पडलं तर मोठी पोरं हसतात की हात देतात. सर स्वतः वाकतात की फक्त वाकवून घेतात. थापटल्यावर पकड लगेच सुटते की थोडी उशिरा. पडायला किती दिवस शिकवतात, हे विचारावं. आणि ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत मिळेल हे सर न विचारताच सांगू लागले, तर पावती फाडू देऊ नये, दुसरा क्लास पाहावा.